चारही एकदम

४ मार्च, मंगळवार

सूनबाई,

तुला आणि बडबडीला आशीर्वाद. इकडे सगळे जागच्या जागी आहेत. तिकडेही तसंच असेल असं धरून चालते. तू गेल्यापासून तुझं एकच पत्र आलं, आणि त्यातली अर्धी जागा बडबडीच्या चित्राने खाल्ली. चित्रातली ती पिसं झडलेली कोंबडी म्हणजे आजी, असं खाली लिहिलं होतं. तिला सांग, ओळख पटली.

मला लिहायला वेळ लागतो हे तू जाणतेस. शाळेची पायरी मी चढले ती उतरण्यापुरतीच. तेव्हा जोडाक्षरं चुकली तर एकटीने हस, तिकडच्या शिवणकारखान्यातल्या बायकांना वाचून दाखवू नकोस.

फोन का केला नाही म्हणशील. फोन तुझ्या नवऱ्याचा. मी तो हातात घेतला की हा इस्त्री उभी करून ठेवतो आणि कान टवकारतो. तुमच्या दोघांचा अबोला तुम्ही घातलात, तो तुम्हीच उसवा. मी त्यात सुई घालणार नाही.

दुकान चालू आहे. चालू म्हणजे उघडं असतं. कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचे, यात अक्कल लागत नाही असं हा तू असताना म्हणायचा. आता परवाच हॉटेलवाल्याच्या चादरीवर इस्त्री ठेवून रस्त्यावरची मारामारी बघायला गेला. चादरीवर इस्त्रीचा पिवळा ठसा उमटला, अगदी टोकासकट. हॉटेलवाला म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "छाप आहे आमच्या दुकानाची." तो हसला म्हणून निभावलं. मी आपली कोपऱ्यात बसून तुटलेली बटणं लावते. बसून करायचं तेवढं सगळं माझ्याकडे, आणि उभ्याने करायचं ते करायला आता कोणी नाही.

बेकरीवाली समोरून रोज विचारते, "सूनबाई कधी येणार?" मी म्हणते, "येईल तेव्हा तुझ्याच दुकानावरून येईल, बघत राहा."

आता मुद्दा. दात दुखतोय. डावीकडची खालची दाढ. तिच्या शेजारचाही एक हलायला लागलाय, पण तो गरीब आहे, दुखत नाही. बडबडीचे दात पडले की नवे येतात, माझे गेले की गेले. कोपऱ्यावर चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातवाला आहे, त्याला दाखवलं. तो म्हणाला, "आजी, ही काढावी लागेल." मी म्हटलं, "मग काढ, माझं तोंड काय बघतोस." तर म्हणे आज गर्दी आहे, सोमवारी या.

तुला आठवत असेल, मागे दात खरवडून साफ केले होते तेव्हा तू मला आधी गोळ्या दिल्या होत्यास. हृदयाची झडप बदलल्यावर मोठ्या डॉक्टरांनी काय ते सगळं तुझ्याच कानात सांगितलं. माझ्याशी ते मोठ्याने बोलायचे, बहिरीशी बोलावं तसं, आणि कामाचं तेवढं तुझ्याशी हळू. मला तू घरी येऊन समजावलंस की तोंडातले जंतू दाताच्या जखमेतून रक्तात शिरतात आणि नव्या झडपेवर जाऊन बसतात. स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या कापडावर डाग आधी बसतो तसं. एवढं लक्षात आहे. ती झडप कुठल्याशा जनावराच्या कातडीची आहे हेही लक्षात आहे. जनावर कोणतं ते मी विचारलं नव्हतं. एकदा घरात घेतल्यावर कूळ काढू नये.

पण गोळ्या कशा घ्यायच्या ते आठवत नाही. तू तळहातावर ठेवल्यास, मी गिळल्या. तेव्हा मी तुझ्याशी पडद्याच्या रंगावरून भांडत होते. पडद्याचा रंग आठवतो, गोळ्यांचा आकडा नाही. तू जाताना डब्यात ठेवून गेलीस त्या लाल-पिवळ्या चार आहेत. रोज एक, की सकाळ-संध्याकाळ एकेक? मोठ्या अक्षरात लिही. आणि लवकर लिही.

तुझी ती कटिंगची चाचणी कधी आहे? बाई कटिंग मास्तर झाली तर तिला म्हणतात काय? तुझा नवरा म्हणतो, बाईसाठी तसं पदच नसतं. मी म्हटलं, नसेल तर तिच्या मापाचं शिवून घेतील.

बाकी ठीक.

तुझी सासू


१९ मार्च, बुधवार

सूनबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. काय ते अक्षर! 'दाताच्या आधी तासभर, चारही एकदम.' खाली रेघ, वर रेघ. चष्म्याशिवाय वाचलं. पोस्टमननेही वाचलं असणार, लिफाफ्यातून दिसत होतं.

दाढ निघाली. गोळ्या चारही पोटात गेल्या, एकही वाया गेली नाही. दातवाल्याचा हात हलका आहे, जीभ मात्र जड; काढताना सारखा "झालं, झालं" म्हणत होता आणि होत काही नव्हतं. दाढ माझ्या हातात दिली. तीन पायांची, म्हाताऱ्या स्टुलासारखी. बडबडीला पाठवणार होते, पण तुला किळस येईल म्हणून फेकली.

आता इकडचं. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. तुझ्या नवऱ्याला चुण्या जमत नाहीत. मुलींचा स्कर्ट इस्त्री करतो तो बंद छत्रीसारखा करून देतो. परवा मी म्हटलं, "अरे, ती कशी करायची ते आठव." तर म्हणाला, "मी कशाला बघायला गेलो होतो?" मी म्हटलं, "तेच तर ती म्हणत होती." मग दिवसभर माझ्याशीही अबोला. या घरात बोलायला इस्त्रीच उरली, ती निदान फुसफुसते तरी.

बेकरीवालीची मुलगी पुन्हा नोकरी सोडून आली. तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनवाल्याने कुत्रा पाळलाय, कुत्र्याचं नाव काय ठेवावं यावर नवराबायकोचं पटत नाही, म्हणून त्याला दोघं दोन नावांनी हाक मारतात आणि तो कोणाकडेच जात नाही. शहाणा आहे.

हवा बदलली आहे. अंगात थोडी कणकण असते. पंखा बंद करायला लावला म्हणून तुझा नवरा कुरकुरतो. इस्त्रीच्या दुकानात स्वेटर घालून बसलेली म्हातारी बघून गिऱ्हाईक हसतं. हसू दे. संध्याकाळी दात वाजतात, आहेत तेवढे. सकाळी पाहावं तर उशी घामाने ओली. दुपारी पुन्हा बरी असते. खालच्या औषधवाल्याकडून याने पुडीत गोळ्या आणल्या, त्यांनी दोन-तीन दिवस ताप गेला, मग आला.

वर मी ताप म्हटलं नव्हतं, कणकण म्हटलं होतं. पण आता लिहिलं ते लिहिलं. खोडलं तर कागद घाण दिसतो.

नखाखाली एक बारीक तपकिरी रेघ उठलीय, कुसळ रुतावं तशी. बटणं लावताना सुई लागली असेल. भूक नाही. बेकरीवाली सकाळी गरम पाव देते तो मी तिच्यासमोर चावते आणि ती वळली की कबुतरांना. कबुतरं गुबगुबीत झाली आहेत.

तुझा नवरा काल म्हणाला, "आई, तिला लिही की तुला बरं नाही. तुझ्यासाठी ती धावत येईल." मी म्हटलं, "मी काय गळाला लावायचा किडा आहे? तुला बायको हवी असेल तर स्वतःचं तोंड उघड." तेव्हा हे पत्र त्यासाठी नाही हे नीट समजून घे. मला काही झालेलं नाही. म्हातारपण आहे, ते तुला कळवायची गरज नव्हती, तुला दिसतच होतं.

चाचणीला कापड कोणतं देणार? गुळगुळीत दिलं तर पुठ्ठ्याच्या मापाखाली घसरतं, कोपऱ्यांवर वजन ठेव. मी तुला शिकवते आहे म्हणून हसू नकोस. तू घरी जमिनीवर कापड पसरून कापायचीस तेव्हा कोपऱ्यावर वजन म्हणून मलाच बसवायचीस.

बाकी अगदी ठीक.

तुझी सासू


३ एप्रिल, गुरुवार

सूनबाई,

आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताचं आहे. उजव्या हाताला नळी लावलेली आहे. तशी उजव्याचं अक्षरही काही मोत्यांची माळ नव्हतं.

तुझं पत्र काल तुझ्या नवऱ्याने आणून दिलं. तू लिहितेस, "आई, खरं सांगा. माझं पत्र उशिरा पोचलं का? मी तिथे असते तर हे झालं नसतं. रजा देत नाहीत, मी काम सोडून येते." वाचून मला संताप आला. परिचारिका म्हणाली, "आजी, नाडी का वाढली?" मी म्हटलं, "सुनेचं पत्र वाचतेय." ती म्हणाली, "मग बरोबर आहे."

आता खरं सांगते. एकदाच सांगणार. बोट दुखतंय.

आधी, तू काय केलंस ते मला नंतर कळलं. माझ्या पत्रातली स्वेटरची ओळ वाचून तू बेकरीवालीला फोन केलास. ती हाताचं पीठ न झाडता धावत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि अशी ओरडली की कबुतरं उडाली. कपाळावर पिठाचा पंजा घेऊन मी हॉस्पिटलात गेले. वाटेत लोक बघत होते. आणि तू तुझ्या नवऱ्यालाही फोन केलास. एवढ्या दिवसांनी तुमचं पहिलं बोलणं झालं ते माझ्या तापावर. तो सांगत होता, तू दुसरं काही बोलली नाहीस, एवढंच म्हणालीस: "आता एकही गोळी देऊ नका. आधी रक्त तपासा. झडप बदलली आहे हे दारातच सांगा." आणि ठेवलास. त्याने दारात शिरताना तेच शब्द तसेच्या तसे म्हटले, पाठ केलेल्या पोरासारखे. म्हणून वेळेवर झालं जे झालं.

झडपेला जंतू चिकटलेत. त्या यंत्रातून छाती बघतात ना, त्यात दिसलं. नखाखालची ती रेघही त्याचीच खूण निघाली, सुईची नाही. मलाही दाखवलं. झडपेच्या कडेला काहीतरी फडफडत होतं, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालासारखं. मी म्हटलं, "चिमटा लावायला विसरलात." डॉक्टरीणबाई हसली नाही. एरवी माझ्या प्रत्येक बोलण्यावर हसते. ती हसली नाही तेव्हा मला कळलं.

आता सहा आठवडे नळीतून औषध. तेवढ्यात ते विरघळलं तर घरी. नाही विरघळलं, किंवा झडप सैल झाली, तर पुन्हा छाती उघडायची. मी म्हटलं, "पहिल्याच वेळी काज-बटणं करून ठेवली असती तर आज हा खर्च नव्हता." तेव्हा हसली, पण डोळ्यांपर्यंत नाही.

आता तुझा प्रश्न. तुझं पत्र उशिरा पोचलं नाही. मी थांबले नाही.

सोमवारी दाढ काढायची होती. शनिवारी पोस्टमन रिकामा गेला. दातवाल्याला "थांब, सुनेचं पत्र यायचंय" असं सांगायचं? मी एवढी वर्षं घर चालवलं, आणि चार गोळ्यांसाठी पत्राची वाट बघू? फोन करता आला असता. केला नाही. तुझ्या नवऱ्यापुढे हात पसरायचा, त्याचा फोन मागायचा, आणि तुला विचारायचं की मला काही येत नाही, तू सांग. तेवढी मान मला वाकवता आली नाही. मानेलाही आता खळ फार बसलीय.

मग मी माझ्या अकलेने केलं. चार गोळ्या, रोज एक. सोमवारी पहिली घेतली, नाश्त्यानंतर, आणि दाढ काढायला गेले. मंगळवारी दुसरी. बुधवारी तिसरी. गुरुवारी तुझं पत्र आलं. 'चारही एकदम.' डब्यात एक उरली होती. मी पत्राकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि उरलेली एक एकदम घेतली. आणखी काय करणार होते?

दुसरं पत्र लिहिलं तेव्हा मी खोटं एकही लिहिलं नाही. चारही पोटात गेल्या, एकही वाया गेली नाही. तपासून बघ. पण तू तपासलंसच. तू कापड हातात घेतलंस की उसवलेली जागा तुला आधी सापडते.

दातवाल्याचाही दोष नाही. त्याने विचारलं होतं, "आजी, काही आजार? साखर? रक्तदाब? हृदयाचं काही?" मी म्हटलं, "काही नाही." मला खरंच तसं वाटलं. झडप खराब होती तेव्हा आजार होता, बदलली, संपला. आपल्या इस्त्रीची कॉईल बदलली तेव्हा आपण गिऱ्हाइकाला सांगत बसलो होतो का? दुरुस्त झालेली वस्तू दुरुस्त झाली. हे मी डॉक्टरीणबाईला सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. तरुण आहे, केस विस्कटलेले, झोप झालेली नाही हे दिसतं.

"आजी, नवी झडप म्हणजे आजार संपला असं नाही. तिची राखण जन्मभर. दातवाला असो, डोळेवाला असो, कोणीही असो, आधी झडपेचं सांगायचं."

"सांगेन."

"आणि गोळ्या एकेक का घेतल्या?"

"घरात चार वस्तू असल्या की त्या चार दिवस पुरवायच्या, असं हाडात मुरलंय."

"हे औषध पुरवायचं नसतं. दात निघतो त्या घटकेला जंतू रक्तात शिरतात. त्या घटकेला औषध पूर्ण जोरात तिथे हजर हवं. दुसऱ्या दिवशीची गोळी काय कामाची?"

"म्हणजे भांडायला जायचं तर चौघी बहिणींनी एकदम जायचं. रोज एक नाही."

"बरोब्बर! आणि त्या औषधवाल्याच्या पुडीने काय केलं माहीत आहे? ताप दाबला. जंतू मेले नाहीत, लपले. रक्तात सापडेपर्यंत आमचा जीव गेला."

"माझा नाही ना गेला?"

ती म्हणाली, "अजून नाही, आजी." अशी उलट उत्तरं देणारी माणसं मला आवडतात. घरात एक होती.

दात रोज नीट घासा, हिरड्या सांभाळा, असंही तिने बजावलं. गोळी कधीतरीची, घासणं रोजचं. इथल्या परिचारिका सकाळी ब्रश हातात देऊन समोर उभ्या राहतात. बडबडीला लहानपणी मी असंच करायचे. आता मला कळतं ती का थुंकायची.

तुझ्या नवऱ्याचं सांगते. बाहेरच्या बाकावर बसून असतो. दुकान बेकरीवालीची मुलगी उघडते, नोकरी सोडून आली ते कामाला आलं. चुण्या तिला येतात म्हणे. पहिल्या दिवशी त्याने भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. मी झोपेचं सोंग केलं. मोठ्या झालेल्या मुलाचं असलं काही आईने बघायचं नसतं. मग उठून डॉक्टरीणबाईकडे गेला, पुढच्या वेळी कोणत्या गोळ्या, किती, कधी, सगळं विचारून तळहातावर लिहून घेतलं. परत आल्यावर मला पेला विसळून दिला आणि हात धुऊन बसला. मग तळहाताकडे बघत राहिला. मग पुन्हा विचारायला गेला.

काल तो म्हणाला, "आई, ती येते म्हणतेय. येऊ दे ना." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "गोळ्या मी चुकवल्या. तिने नाही. मग काम तिने का सोडायचं?" तो म्हणाला, "मला एकट्याला जमत नाही." मी म्हटलं, "हे तिला सांग. माझा ताप पुढे करून नको, तुझ्या तोंडाने सांग. आणि सांगितल्यावर ती येईलच असं नाही, हेही ऐकून ठेव." तो बराच वेळ माझ्या चादरीची घडी नीट करत बसला. चांगली केली. वाईट नाही गं तो. कॉलरवर चुकून सुरकुती दाबली गेली की कितीही ओढा, जात नाही. पाणी मारून पुन्हा गरम इस्त्रीखाली यावं लागतं. ते आता होतंय. त्यात तू किंवा मी घाई करायची नाही.

आता नीट ऐक. तू काम सोडायचं नाही. तू इथे असतीस तर गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या असत्यास, हे खरं. पण मी काय झडपेची पेटी आहे, की तू जन्मभर कुलूप होऊन बसावंस? माझं तोंड, माझे दात, माझी झडप. एवढ्या वर्षांत मी स्वतः विचारून घेतलं नाही, कारण तू होतीस. आता विचारलंय. गोळ्या कधी, किती, ते इथे रात्रपाळीच्या परिचारिकेलाही मी म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, मला माहीत आहे." मी म्हटलं, "असू दे, मला पाठ होतंय का बघते."

चाचणी या महिन्याच्या अखेरीस ना? दे. कोपऱ्यांवर वजन ठेव, वजनाला दुसरी म्हातारी शोध. पास झालीस तर कळव, नाही झालीस तर आधी कळव. मी कुठे पळत नाही, बांधून ठेवलेली आहे.

मी घाबरले आहे का, असं तू विचारलं नाहीस. बरं केलंस. संध्याकाळी अंग तापायला लागलं की मी छताचे चौकोन मोजते आणि मध्येच विसरते, मग पुन्हा पहिल्यापासून. असं चाललंय. दमले आहे एवढंच लिहिते. पुढचं तुला वाचता येतं.

एक राहिलं. तो गरीब दात, शेजारचा, आता त्यालाही वाचा फुटलीय. डॉक्टरीणबाई म्हणाली, नळीचं औषध पूर्ण होऊन रक्त स्वच्छ आलं की तो इथेच काढू, आधी गोळ्या देऊन. म्हणजे तोवर तुझी चाचणी होऊन गेलेली असेल. त्या दिवशी ये. एका दिवसासाठी ये, परतीचं तिकीट काढूनच ये, आणि ते मला दाखव. बडबडीलाही आण, तिला पडक्या दातांची कोंबडी समोरासमोर बघू दे. त्या हिरव्या पडद्याचं भांडणही अर्धवट राहिलंय. मी म्हणत होते तोच रंग बरोबर होता.

दात तोवर पडणार नाही. त्याला सांगून ठेवलंय.

बाकी ठीक नाही. दुरुस्त होईल किंवा नाही होणार, पण या वेळी झाकून ठेवणार नाही. दाताच्या आधी तासभर, चारही एकदम. चार मला मोजता येतात, सूनबाई. तरी ये.

तुझी सासू